चोविसावी फाइल

दिग्रस,
३ डिसेंबर २००७

प्रफुल्ल, जय भीम.

पाकीट पाहून घाबरू नको, मामा ठणठणीत हायत. फोन केला असता, पण फोनवर तू नुसता ‘हो ताई, हो ताई’ करते आन मंग इसरून जाते. लिहिलेलं कसं डोळ्यापुढं राह्यते. आन मेल करू तं कुठून करू? आपल्या बायाइच्या कॉम्प्युटर केंद्राले सील लागलं.

गुरुवारी दुपारी, केंद्र देणाऱ्या सरकारी योजनेचे तपासणी साहेब आले. संगं एक मेकॅनिक, त्याच्यापाशी लॅपटॉप. दोन वर्षं झाले केंद्र चालू हाय, या साहेबाले विहारामागची आपली खोली कुठं हाय हेबी माहीत नव्हतं. पण मागच्या महिन्यात आपल्या बायाइनं लोकायले माहितीच्या अधिकाराचे एकोणीस अर्ज टाइप करून देल्ले, आन त्यातले सात साहेबाच्याच हापिसाचे होते. साहेब म्हणे, रूटीन तपासणी हाय. औंदा कापूसच आला नाई, जिन हप्त्यातून तीन दिवस चालते, म्हणून जिनातल्या साऱ्या बाया त्या दिवशी केंद्रातच होत्या. बरंच झालं, साक्षीले बारा जणी हायत.

मेकॅनिकनं आपलं सामायिक फोल्डर उघडलं. तुळसाबाई, मैनाबाई, लालीबाई, गंगी, अर्पिता, दीपमाला. अशा तेवीस फायली, आन शेवटी तुह्यी, ‘प्रफुल्ल’. कोणती तीस एमबीची, कोणती सहाशेची. साहेबानं चष्मा कपाळावर नेला. म्हणे, बायकांच्या नावाच्या एवढ्या मोठ्या फायली कायच्या हायत?

मी सांगितलं. म्हटलं, साहेब, इथल्या नेटवर एक सॉफ्टवेअर उतरवाले दोन दिवस लागते, आन लाइट गेली का पयल्यापासून. म्हणून जिले यवतमाळले काम निघते थे येतानी तिथल्या कॅफेतून पेन ड्राइवमधी घेऊन येते. जो आणते त्याचं नाव फायलीले, हा आमचा नियम. तुळसाबाई डोयाच्या ऑपरेशनले गेलती, एका डोयाले हिरवी पट्टी बांधून तिनं पत्रं लिहाचं आख्खं पॅकेज आणलं. गंगीनं शब्दकोश आणला. मूळची नावं सारी इंग्रजी, टिंबा-आकड्यायची, हातभर लांब. ‘मैनाबाई टाक’ म्हटलं का साऱ्याइले समजते.

साहेब म्हणे, चालवून दाखवा. आता मेकॅनिकच्या लॅपटॉपवर दुसरी सिस्टीम, आपली फुकटवाली नाई. आन नाव बदलतानी मी मागचं एक्स्टेंशनचं शेपूटबी काढून टाकलेलं. फाइल काही उघडेना. मंग त्यानं थे सिनेमा पाह्याच्या प्रोग्राममधी टाकली. तिथं कशी चालणार? साहेब म्हणाले, ‘लॉक करून ठेवल्यात.’ माह्या मशीनवर उघडून दाखवतो म्हटलं तं मले कीबोर्डले हात लावू देल्ला नाई.

झालं. पंचनाम्यात लिहिलं, ‘महिलांच्या नावे असलेल्या, आशय लपविलेल्या चोवीस मोठ्या फायली.’ शनिवारी गावातल्या एका साप्ताहिकानं छापलं, ‘महिला केंद्रात चित्रफिती?’ पुढं प्रश्नचिन्ह लावलं का काहीबी छापता येते. बसस्टँडवर पानाच्या ठेल्यापाशी लोकं मैनाबाईचं नाव घेऊन हसून राह्यले. पन्नास वर्षांची बाई हाय थे.

तू या लाइनीतला. आपल्या साऱ्या गोतात मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर सोता बनवणारा तू एकटा. काय कराव, लौकर लिही.

तुह्यी
दीपाताई


पुणे,
१० डिसेंबर २००७

ती. दीपाताई, जय भीम.

तुझं पत्र वाचून फार वाईट वाटलं. पण ताई, मी जरा शांतपणे विचार केला. अशा भानगडीत जितकं खोलात जावं तितका चिखल अंगाला लागतो. माझं ऐक. साहेबांना एक साधं पत्र दे, की फायलींना चुकीची नावं दिली गेली, यापुढे असं होणार नाही, आपण त्या सगळ्या पुसून टाकाव्यात. कॉम्प्युटर कोरे होतील, सील निघेल. मी इथून सगळी सॉफ्टवेअर नव्या सीडींवर, त्यांच्या मूळ नावांनी पाठवून देतो. महिन्याभरात लोक विसरतील.

‘माफी’ हा शब्द नको असेल तर ‘दिलगीर आहोत’ लिही. त्याने काही बिघडत नाही.

माझी फाइलही पुसली गेली तर मला वाईट वाटणार नाही. तिचं एवढं काही नाही. उलट ती आधी पुसलेलीच बरी, जुनी झाली आहे आता.

इथे काम फार आहे. बाबांना यातलं काही सांगू नकोस, ते उगाच कुठेतरी जाऊन भाषण देतील.

तुझा,
प्रफुल्ल


दिग्रस,
१७ डिसेंबर २००७

प्रफुल्ल,

तुह्यं पत्र मी बायाइले वाचून दाखवलं. नसतं दाखवलं तं बरं होतं. तुळसाबाई म्हणाली, ‘पोट्टं पुण्याले जाऊन भेकड झालं.’ मी तुह्यी बाजू घेतली नाई, कारण माह्याही डोक्यात तेच आलतं.

कायले दिलगीर व्हाव? फायली पुसल्या का खोटं पुसल्या जाते का? उलट साऱ्या गावाले सांगता येते, पाहा, पुरावा यायनंच मिटवला. मंग मरेपरेंत त्या चोवीस फायलींमधी काय होतं थे ज्याच्या-त्याच्या मनात. जवापर्यंत फायली हायत तवापर्यंत आपल्यापाशी काहीतरी हाय. साहेबाचं सील लागलं, आता आपण फायली बदलल्या असं कोणाले म्हणता येत नाई, हे आपल्या फायद्याचं हाय, हे तुले कसं समजलं नाई रे?

आन आता ऐक, गंगीचं काय झालं. तिचा नवरा हरिसिंग ट्रॅक्टरवर असते. त्याले कोणीतरी साप्ताहिकाचं कात्रण दाखवलं. घरी आला आन म्हणे, तुह्या नावाची काय फिलम हाय थे मले दाखव, नाईतं माहेरी जा. कुठून दाखवणार? शब्दकोश हाय तो. गंगी एक पोरगी काखेत आन एक बोटाले धरून तांड्यावर माहेरी गेली. जातानी रडली नाई. मले म्हणाली, ‘दीपाताई, माह्या नावाची फाइल पुसू नोको देजो. मी आणली हाय थे, उभ्यानं बसमधी, दारव्हा रस्त्यानं.’ मले तवापासून जेवण गोड लागत नाई.

म्हणून आता तुले सल्ला नाई मागत. एक काम सांगतो. कोणत्या नावाची फाइल म्हणजे मूळ कोणतं पॅकेज, कोणता आवृत्ती नंबर, कितव्या तारखेले कोणी आणलं, हे सारं मी वहीत लिहून ठेवतो, तुले माहीत हाय. वही घरी होती म्हणून वाचली. तेवीस नावांची नक्कल या पाकिटात हाय. यायच्या पोटात तेच पॅकेज हाय, दुसरं काहीच नाई, हे फाइल न उघडता, साहेबाच्याच मशीनवर, परक्या माणसाले पटेल असं दाखवता येते का? काही तं असनच. एवढी दुनिया रोज फायली उतरवते, आलेली फाइल खरी का खोटी हे लोकं पाहात असतीलच ना.

येत असन तं लिही. येत नसन तं येणाऱ्याले विचार. पण पुसा म्हणून पुन्हा लिहू नको.

दीपाताई

ता. क. मामाले, तुह्या बाबाले, मी नाई सांगितलं. पानठेल्यावाल्यानं सांगितलं. भाषण देल्लंच त्यायनं, तिथंच उभ्यानं. माह्या पोरानं जग जिंकणारं सॉफ्टवेअर बनवलं, त्याच्या नावाची फाइलबी त्यात हाय, थे काय चित्रफीत हाय का, म्हणाले.


पुणे,
२६ डिसेंबर २००७

ती. दीपाताई,

रागावू नकोस. आहे, रस्ता आहे. ऑफिसमधल्या एका ओळखीच्या माणसाला विचारलं, तो याच कामात आहे. त्याने सांगितलं ते लिहितो.

प्रत्येक फाइलचा एक आकडा काढता येतो. एक छोटी आज्ञा दिली की मशीन ती फाइल पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचतं आणि तिच्यातून चाळीस खुणांची एक ओळ काढतं. याला हॅश म्हणतात. सहाशे एमबीची फाइल असो की तीसची, खुणा चाळीसच. आतलं एक टिंब जरी इकडचं तिकडे झालं तरी ओळ ओळखू येणार नाही इतकी बदलते. मात्र फाइलचं नाव यात धरलंच जात नाही. नाव तुळसाबाई ठेव नाहीतर आणखी काही, आतला ऐवज तोच असेल तर ओळ तीच येणार. हा फाइलच्या अंगठ्याचा ठसाच समज.

जे लोक ही पॅकेजं बनवून वाटतात, ते आपल्या वेबसाइटवर ही ओळ छापून ठेवतात. शिवाय माहीत असलेल्या पॅकेजांच्या ओळींच्या मोठमोठ्या याद्या असतात. अनोळखी फाइल हातात आली की तिची ओळ काढायची आणि यादीत शोधायची. सापडली, तर ती फाइल कोण ते नक्की झालं. उघडायची गरजच नाही.

तू पाठवलेल्या तेवीसच्या तेवीस पॅकेजांच्या ओळी शोधून, प्रत्येकीपुढे कुठल्या वेबसाइटवर आहे ते लिहून, सोबत छापून पाठवतो आहे. साहेब म्हणतील ही तुमच्या भावाने बनवलेली यादी, तर त्यांनी कुठल्याही कॅफेत बसून कुठलीही ओळ ताडून पाहावी. आणि ओळी काढायच्या त्या तुझ्या मशीनवर नाही, त्यांच्या मेकॅनिकच्या लॅपटॉपवर, म्हणजे बोट दाखवायला जागा नको.

एक सोपी गोष्ट. या ओळींत शून्य ते नऊ आकडे आणि ए ते एफ एवढी सहाच इंग्रजी अक्षरं येतात. त्यामुळे कोणीही वाचू शकेल.

चोविसावी, माझी, सोडून दे. ती मी बनवलेली, ती कुठल्या यादीत कशी असेल? साहेबांना सांग की ती केंद्राची नाही. जमलं तर तेवढी एक त्यांच्याकडून पुसून घे.

प्रफुल्ल


दिग्रस,
१४ जानेवारी २००८

प्रफुल्ल, जय भीम.

पयले भांडण करून घेतो. आमच्या बायाइपुढं अंगठा म्हणू नको. साऱ्याजणी सही करतात. मी त्यायले गठाणीचं सांगितलं. जिनात रुईच्या गठाणीवर नंबर बाहेरून मारते, कोणताबी मारता येते. हा नंबर आतल्या रुईतूनच निघते. आतलं एक बोंड बदललं का नंबर बदलला. लगेच समजलं. मैनाबाई म्हणाली, असा नंबर बियाण्याच्या पाकिटाले काहून नाई निघत?

आता झालेलं सांगतो. साहेब पयले नाईच म्हणत होते. मंग आम्ही अर्ज टाइप करून, म्हणजे हातानं लिहून, टाइप कशावर करू, असा देल्ला की सील कोणत्या कायद्याखाली लावलं त्याची नक्कल द्या. तिसऱ्या दिवशी साहेब तयार. परवा शनिवारी विहाराच्या अंगणात टेबल मांडलं. अर्धं गाव जमलं होतं, काही तर नुसतं पाह्याले का एखादी फिलम निघते का.

मेकॅनिक पोरगा खरं सांगू तं सरळ निघाला. आदल्या दिवशीच सोता कॅफेत जाऊन त्यानं तुह्या यादीतल्या पाच ओळी वेबसाइटीवर ताडून पाह्यल्या, आन लॅपटॉपवर ओळ काढाचा प्रोग्राम आणला. साहेब त्याच्याकडं असे पाहून राह्यले होते जसा तो फितूर झाला.

पयली तुळसाबाई. मशीननं ओळ काढली, मेकॅनिक वाचणार तं तुळसाबाई म्हणाली, सरक, माह्यी मी वाचतो. डोयाचा चष्मा पुसला आन एक-एक खूण मोठ्यानं: सात, एफ, तीन, बी, शून्य, शून्य, नऊ. एफच्या पुढची एबीशीडी तिले येत नाई, आन इथं लागतबी नाई. साहेबाच्या हातात तुह्यी यादी. दर खुणेले त्यायले ‘बरोबर’ म्हणा लागे. चाळीस वेळा म्हणवलं तिनं साहेबाले बरोबर. विसाव्यानंतर साहेब म्हणाले, बस झालं, जुळतंय. तुळसाबाई म्हणाली, ‘बस कायचं? साप्ताहिकात अर्धंच छापलं होतं का माह्यं?’

मंग प्रत्येकीनं आपापली वाचली. आन प्रत्येकीची जुळली.

गंगी तांड्यावरून आलती, दोन्ही पोरी घेऊन. हरिसिंग गर्दीच्या मागं उभा. मी त्याले पुढं बोलावलं, यादी साहेबाच्या हातून घेतली आन त्याच्या हातात देल्ली. म्हटलं, तुले पाह्याची होती ना तिची फिलम, पाहा आता. गंगी वाचे, तो बोट सरकवे. पयल्यांदा हळू म्हणे बरोबर. गंगी थांबली. म्हणाली, ‘मागं ऐकू जात नाई.’ मंग तो मोठ्यानं म्हणू लागला. चाळीस झाल्या. यादी माह्याजवळ देल्ली आन धाकट्या पोरीले कडेवर घेतलं. गंगी त्याच्यासंगं घरी गेली, पण रस्ताभर त्याले बोलली नाई म्हणतात. चांगलं केलं.

तेवीस झाल्या. आन साहेब हसले. म्हणाले, ‘छान. मग ही चोविसावी? हिचा आकडा यादीत नाही. म्हणजे खरी भानगड हीच, बाकीच्या तेवीस हिच्यावर पांघरूण.’

मामा उठले. प्रफुल्ल, मी मामाले असं उभं राह्यलेलं कवाच पाह्यलं नाई. ऑक्टोबरात विहारात तुह्या सत्काराची जी शाल तुले देल्ली, थे तू घरी सोडून गेलता, थे खांद्यावर होती. म्हणाले, माह्या पोरानं सोता बनवलं थे, म्हणून कोणाच्या यादीत नाई. साहेब म्हणाले, मग त्याच्याकडून स्टॅम्प पेपरवर आणा, ही फाइल मी बनवली, आत काय आहे त्याची जबाबदारी माझी. तवर सील राहील.

त्यामुळं खोली अजून बंद हाय, आन गावात आता नवीन बोलणं, तेवीस साफ निघाल्या पण चोविसावीत काहीतरी हाय. दोन ओळी तं लिहाच्या हायत. स्टॅम्प पेपर करून लगेच पाठव. मामा रोज पोस्टमनची वाट पाहून राह्यले.

दीपाताई


पुणे,
२१ जानेवारी २००८

दीपाताई,

स्टॅम्प पेपर आणला होता. दोन दिवस टेबलावर होता. पयली ओळ लिहिली, ‘मी, प्रफुल्ल बाबाराव’, आन पुढं हात चालला नाई.

ताई, थे म्या नाई बनवलं.

आता पुण्याची भाषा नाई लिहीत, जमत नाई मले खोटं त्या भाषेतबी आन या भाषेतबी. मी काहीच बनवत नाई. माह्यी नोकरी जुळवाची हाय. आमच्या कंपनीत बाहेरून फायली येतात. मी त्याईची ओळ काढतो, यादीत शोधतो, ओळखीची असन तं बाजूले, अनोळखी असन तं वरच्या साहेबाकडं. दिवसभर हेच. ‘ऑफिसमधला ओळखीचा माणूस’ म्हणून तुले लिहिलं तो मीच. तुह्यं पयलं पत्र आलं त्याच दिवशी मले समजलं होतं का काय कराव लागते. दहा मिनिटांचं काम होतं. पण एकदा तुम्ही ओळी काढाले बसल्या का माह्यीबी ओळ निघन, आन थे यादीत सापडन. म्हणून म्हटलं पुसा. गंगी माहेरी गेली थे माह्याच्यानं गेली. साहेबानं एक खोटं केलं, त्याच्यावर मी दुसरं ठेवलं.

खोटं बोलाचं असं ठरवलं नव्हतं. ऑक्टोबरात दीक्षाभूमीवरून आलो, तुह्या केंद्राले टायपिंगचं पॅकेज देल्लं. तिथं बाबा सांगून राह्यले होते, माह्या पोरानं बनवलं. मी तोंड उघडणार होतो तवर टाळ्या झाल्या. मंग शाल. शाल अंगावर पडल्यावर नाई म्हणणं मले झालं नाई. म्या फक्त फायलीचं नाव बदललं होतं, बाकी एक टिंब माह्यं नाई. आत बनवणाऱ्याइची नावं हायत, पण तिथं कोणी क्लिक करत नाई हे मले माहीत होतं. शाल म्हणूनच घरी सोडून आलतो.

थे पॅकेज सात जणाइनं बनवलं. सारे पगार न घेता, सुटीच्या दिवशी. त्यातल्या दोघी बाया हायत, एक शाळामास्तर हाय. त्याईची नावं, वेबसाइट आन चाळीस खुणांची ओळ दुसऱ्या कागदावर लिहिली हाय. साहेबाले दे. साऱ्यासमोर वाच. माह्यं काय व्हाचं थे होऊ दे, पण खोली उघडली पायजे.

बाबाले हे पत्र तू वाचून दाखव. फोनवर माह्यी हिंमत नाई होत. फायलीचं नाव बदलून टाका, त्याच्यावर माह्या हक नाई.

प्रफुल्ल


दिग्रस,
११ फेब्रुवारी २००८

प्रफुल्ल, जय भीम.

उत्तराले उशीर झाला. जाणूनबुजून केला. आठ दिवस मले तुह्या एवढा राग होता का पेन धरलं तं कागद फाटला असता. माह्या बायाइची अब्रू चव्हाट्यावर टांगलेली आन तू तिकडं आपली शाल सांभाळून राह्यला होता. हे मी माफ केलं असं समजू नको. हळूहळू होईन.

पण स्टॅम्प पेपरवर तू सही नाई केली. करता आली असती, कोणाले काही समजलं नसतं. हेबी मी धरून ठेवलं हाय.

मामाले पत्र मीच वाचून दाखवलं. पुरं. मधी थांबली नाई. त्यायनं ऐकलं, शाल घडी करून पेटीत ठेवली आन म्हणाले, ‘उद्या साऱ्याइसमोर वाचाची म्हणतो ना तो? वाच मंग.’ दुसऱ्या दिवशी अंगणात सगळ्यात मागं बसले. चोविसावीची ओळ लॅपटॉपनं काढली, मी वाचली, साहेबानं तुह्या कागदावर ताडली. चाळीसच्या चाळीस जुळल्या. बाया टाळ्या वाजवू लागल्या, आन मागून मामा म्हणाले, थांबा. ज्यायनं बनवलं त्यायची नावं वाचा. मी सातही नावं वाचली. मंग मामाइनं टाळ्या वाजवल्या, आन त्याच्यानंतर साऱ्याइनं.

साहेबानं सील काढलं, पण जातानी एक कागद देल्ला. फायलींना मूळ नावं द्यावी, व्यक्तींची नावे देऊ नये, असं दोन दिवसांत लेखी कळवावं. मैनाबाई सोता बसली आन उत्तर टाइप केलं. पयलं असं पत्र हाय तिच्या हातचं, नक्कल पाठवतो: ‘आपले पत्र मिळाले. नावे बदलणार नाही. नावाने आतला माल बदलत नाही हे आपण चोवीस वेळा बरोबर म्हणून मान्य केले आहे. सबब आपली हरकत निकाली काढावी.’ खाली साक्षीच्या बाराही जणाइच्या सह्या. साप्ताहिकवाल्यालेबी एक देल्लं, त्यानं चौथ्या पानावर कोपऱ्यात छापलं. आता पयल्या पानावर छापा म्हणून अर्ज गेला हाय.

माहितीच्या अधिकाराचे अर्ज पुन्हा चालू केले. या पंधरवड्यात एकतीस.

तुह्या फायलीचं नाव बदलाचं का, यावर बसलो. दोघी-तिघी म्हणाल्या बदला. मीबी तेच म्हणणार होती. तुळसाबाईनं आइकून घेतलं आन म्हणाली, ‘आपण कवा म्हटलं होतं का ज्यानं बनवलं त्याचं नाव? मी काय डोयाले पट्टी बांधून थे पॅकेज बनवलं होतं? यवतमाळहून आणलं. गंगीनं काय शब्दकोश लिहिला का? तिनं आणला. यानं पुण्याहून आणलं. नियम एकच हाय, जो आणते त्याचं नाव.’

आपला नियम मीच इसरली होती. तू तं पयलेच इसरला. तुले कोणी बनवाले सांगितलं नव्हतं रे बाप्पा. आणलं होतं तेवढं पुरत होतं.

मंग बायाइनं ठरवलं, चोवीसही नावं आन पुढं प्रत्येकाच्या चाळीस खुणा केंद्राच्या बाहेरच्या भिंतीवर रंगवाच्या. रस्त्यानं जाणारा-येणारा कोणीबी येवो, आत येवो, ओळ काढो, ताडून पाहो. तीन दिवस लागले. हरिसिंगनं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून शिडी आणून देल्ली, गंगीनं त्याले शिडी धरून उभं ठेवलं आन आपली ओळ आपण रंगवली.

तेवीस झाल्या आन कालच्या दिवशी मामा आले. ब्रश मागितला. चोविसावी मी लिहितो, म्हणाले. मामा जिनात चाळीस वर्षं गठाणीवर नंबर मारत होते, हात अजून स्थिर हाय. इंग्रजी अक्षरं येत नाई, तं तुळसाबाईनं शेजारी उभं राहून एकेक दाखवलं. तुह्यं नाव लिहिलं, मंग खुणा. सतराव्या खुणेले ‘डी’च्या जागी ‘बी’ पडली. कोणाच्या ध्यानातबी आलं नसतं. मी म्हटलं, मामा, राहू द्या, भिंतीवरचं कोण एवढं वाचते. त्यायनं ऐकलं नाई. फडकं ओलं केलं, थे एक खूण पुसली, वाळू देल्ली, आन पुन्हा लिहिली.

म्हणाले, ‘पोराच्या नावापुढं चूक नाई राह्यली पायजे.’

दीपाताई